परक्या हाताची भाकरी

“ओ मस्कतवाले! पाय आत घ्या! पाय आत घ्या म्हनतोय न्हवं! उडी मारली तर एक गुन्हा, अन् मेलात तर दुसरा!”

खालून हवालदार ओरडत होते. भर दुपारचा एक वाजलेला. माझा डावा पाय लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यापलीकडं लोंबत होता, उजवा अलीकडं होता आणि मधोमध मी घोड्यावर बसल्यासारखा बसलो होतो. शेजारच्या गॅलरीत बशीरभाई हात जोडून उभे. त्यांचे ओठ हलत होते, पण दुआ चालली होती की शिव्या, ते काही ऐकू येत नव्हतं.

मी गेली आठ वर्षं मस्कतला क्रेन चालवतो. कुणाला पटो न पटो, पण आमच्या क्रेनच्या खुर्चीतून वाकून बघितलं की खाली ढग दिसतात आणि ढगांच्या खाली घारी. एकदा विमानाच्या खिडकीत बसलेल्या एका बाईनं मला हात केला होता, मीही केला. अशा माणसाला दोन मजल्यांचं काय कौतुक! पण त्या दुपारी मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. भीती उंचीची नव्हती. खाली उतरून, पळत सुटून, तेरला, आमच्या गावी, घरापुढं पोचलो तर दारात काय दिसेल, त्याची होती.

आता हे सगळं ज्यांनी भोगलं नाही त्यांच्यासाठी नीट पहिल्यापासून सांगतो. थोडं मीठमसाला लावून सांगायची माझी खोड आहे, ती सांभाळून घ्यावी. भीतीला मात्र मी मसाला लावलेला नाही. ती जशी होती तशीच वाढली आहे.

हैदराबाद ते नळदुर्ग

कोरोनाच्या पहिल्या सालची गोष्ट. आषाढात आईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलत होता. थोरले बंधू अण्णा फोनवर म्हणाले, “बाळू, जमलं तर येऊन जा.” एवढंच. अण्णा मोजकं बोलणारा माणूस. पण आमच्या भागात ‘जमलं तर येऊन जा’ याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं.

विमानं बंद होती. कधी तरी एखादं सुटायचं, त्यात जागा मिळवायला मी कंपनीच्या साहेबाच्या इतक्या विनवण्या केल्या की शेवटी तो मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायला लागला. एकदाचा हैदराबादला उतरलो. तिथं आमच्याच जिल्ह्याच्या आठ-दहा जणांना निवडून एका बसमध्ये घातलं आणि सांगितलं, घरी कुणी जायचं नाही. आधी सात दिवस जिल्ह्याच्या गावी, सरकारनं ठरवलेल्या लॉजवर, एका खोलीत एक माणूस. मग तपासणी. मग घर.

मी एवढा बोलका माणूस, पण त्या बसमध्ये कुणाशी शब्द काढला नाही. कुणीच काढला नाही. झहीराबादच्या पुढं मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं. सगळी बस पुढं सरकली. मी सांगतो, पुढची चाकं जमिनीत रुतली आणि मागची हवेत उचलली गेली, इतकी माणसं ड्रायव्हरच्या पाठीशी गोळा झाली. खोकणाऱ्यानं हात वर करून सांगितलं, “शेंगदाणा अडकला हुता हो!” तरी उमरग्यापर्यंत त्याच्याकडं कुणी मान वळवली नाही.

नळदुर्गला ढाब्यांपुढं ट्रकांची रांग उभी होती. एरवी त्या रस्त्यावर रोट्यांचा, डिझेलचा आणि भांडणांचा असा मिळून एक वास असतो. त्या दिवशी नुसतं फिनेल. एका ढाबेवाल्यानं आम्हाला रोट्या दिल्या त्या बांबूच्या टोकाला पिशवी अडकवून, खिडकीतून. तो स्वतः इतका लांब उभा होता की बांबू त्यानं किल्ल्यावरून धरला असावा.

तिथं माझ्या शेजारच्या बाकावरचे बशीरभाई एकदम उभे राहिले. ते मस्कतमध्ये शिंपीकाम करायचे, गाव नळदुर्ग. घर हमरस्त्यालाच. गच्चीवर त्यांची बायको आणि म्हातारे वडील उभे होते. बायकोनं ओढणी हलवली. बशीरभाईंनी काचेवर हात टेकवला. बस थांबली नाही. आपल्याच घरापुढून बसमध्ये बसून पुढं निघून जाणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. काचेवर त्यांच्या पंजाचा घामाचा ठसा तुळजापूर येईपर्यंत होता.

“अब्बांनी ओळखलं का न्हाय, कुणाला ठावं,” ते म्हणाले. “तोंडाला बांधलंय आपन.”

खोली नंबर दोनशे चार

तेव्हा पाट्यांवर उस्मानाबाद असायचं, तोंडात धाराशिव. लॉज गावाबाहेर, लग्नकार्याचा. खाली मोठा हॉल, त्यात रिकाम्या सिंहासनासारख्या नवरानवरीच्या दोन खुर्च्या. त्यांच्या मधे बसून आरोग्य खात्याचा माणूस आमची नावं लिहीत होता. आम्ही आत शिरताच फवारणीवाल्यानं बॅगा फवारल्या, चपला फवारल्या, माझं आधारकार्ड फवारलं. त्यावरचा फोटो आधीच चोरासारखा होता, आता बुडून मेलेल्या चोरासारखा झाला.

मस्कतला आम्ही एका खोलीत सहा जण राहतो. एकट्याला अख्खी खोली मिळावी म्हणून मी आठ वर्षं झुरलो होतो. ती मिळाली, आणि पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की एकटा माणूस म्हणजे काय. दुसरा खोकला की निदान तो दुसऱ्याचा असतो. एकट्याच्या खोलीत प्रत्येक खोकला आपलाच.

सकाळी उठलं की पहिलं काम, साबण हुंगायचा. वास येत नाही तो मेला, असं तेव्हा घरोघरी चाललं होतं. मी साबण हुंगायचो, टूथपेस्ट हुंगायचो, मोजे हुंगायचो. मोज्यांनी मला कधी दगा दिला नाही. बशीरभाईंकडं अत्तराची कुपी होती. आमच्या गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत. ते पलीकडून बूच काढायचे आणि विचारायचे, “आला?” मी म्हणायचो, “आला.” मग ते स्वतः हुंगायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. ही आमची सकाळची प्रार्थना. नंतर अंगात ताप नाही ना, म्हणून मी कपाळाला इतक्यांदा हात लावायचो की हाताच्या घासण्यानंच कपाळ गरम व्हायचं आणि मग पुन्हा घाबरायला एक कारण मिळायचं.

जेवण लॉजचं होतं, पण घरचा डबा फाटकातल्या टेबलावर ठेवायला परवानगी होती. अट एकच, आत आलेलं भांडं बाहेर जाणार नाही. म्हणून आमची वहिनी सगळं फडक्यात आणि कागदात बांधून पाठवायची. तेरहून धाराशिवला रोज दुधाची गाडी येते. ती चालवणारा दत्तू आमच्याच आळीतला, चाळिशीचा, मिशीवाला. तो गठुडं टेबलावर ठेवून वर बघून हाळी द्यायचा, “मस्कत! आलं रं तुझं!”

वहिनीची भाकरी सांगतो. ज्वारीची. एवढी पातळ की पलीकडचा माणूस दिसावा, आणि तो ओळखीचा आहे का तेही कळावं. कडेला एका जागी अंगठ्याचा हलका दाब, सहीसारखा. पापुद्रा पूर्ण सुटलेला. सोबत शेंगदाण्याची चटणी, एखादी शेपू नाहीतर दोडका. मी पंधरा वर्षं ही भाकरी खातोय, त्यातली आठ सुट्टीपुरती. शंभर भाकरी उलट्या ठेवा, मी वहिनीची डोळे झाकून काढून देईन.

जेवणं झाली की व्हिडिओ कॉल. घरात तसला एकच फोन, वहिनीचा. पोरांच्या शाळेसाठी घेतलेला. अण्णाकडं बटनांचा. कॉल लागला की वहिनीचा चेहरा यायचा.

“भावजी, जेवलात का? चटनीत मीठ बरुबर हुतं का?”

“हुतं, हुतं. वहिनी, फोन जरा आईकडं धरा.”

मग आई दिसायची. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. मी काहीबाही बाता मारायचो, इथं मला राजासारखं ठेवलंय, खाली सिंहासन आहे, वगैरे. आई डावा हात उचलायची. बोटं हलवायची. ती एकच गोष्ट मला दिवसभर पुरायची. आई बोलू शकत नव्हती. तो डावा हात दिसला, म्हणजे आई आहे. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनी बोलताना दोनदा खोकली. म्हणाली, चुलीचा धूर. मी म्हणालो, “फोन आईकडं धरा.”

चौथा दिवस

दत्तूनं गठुडं ठेवलं, पण हाळी दिली नाही. गाडी वळवून गेला.

फडकं सोडलं. आत पिठलं आणि दोन जाड भाकरी. घास तोंडात घातला. चव लागेना! म्हणजे लागत होती, पण ती नव्हती. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मला वाटलं झालं, जीभ गेली. कोरोना झाला. मी भिंतीपाशी धावलो.

“बशीरभाई! अत्तर काढा! लवकर!”

त्यांनी बूच उघडलं. मी इतक्या जोरानं हुंगलं की कुपीतलं निम्मं अत्तर नाकावाटे मेंदूत गेलं असावं. वास आला. चक्क आला. गुलाब आला, त्यातलं तेल आलं, बशीरभाईंच्या बोटांचा शिवणयंत्राचा वाससुद्धा आला.

“नाक शाबूत हाय तुमचं,” ते म्हणाले. “मग झालं काय?”

“भाकरी येगळी लागतीय.”

“मग भाकरीच येगळी आसंल.”

ते सहज बोलून गेले. मी मात्र तिथंच खाली बसलो.

कारण जीभ जर ठीक आहे, तर हात दुसरा आहे. आणि आमच्याकडं घरातल्या बाईचा हात सोडून दुसऱ्याच घरची पिठलं-भाकरी कधी येते, ते तेरमधलं शेंबडं पोरही सांगेल. घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारची, भावकीतली माणसं आळीपाळीनं पिठलं-भाकरी करून आणतात आणि त्या घरातल्यांना बळंच दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. मी तो वडिलांच्या वेळी खाल्लेला आहे. तो कडू नसतो, बेचव असतो. अगदी असाच.

बशीरभाईंना सांगितलं. त्यांनी कुपीचं बूच लावलं. मग हळू म्हणाले, “आमच्यात बी तसंच. मय्यत झाली की चुल्हा न्हाय जळत. नातेवाईक आनत्यात.” आणि लगेच, “पन तसं नसंल, बाळूभाई. एखाद दिवस हुतं.”

व्हिडिओ कॉल लावला. वहिनीचा फोन बंद. दहादा लावला, बंद. मग अण्णाच्या बटनांच्या फोनवर.

“अण्णा, आई?”

“बरी हाय. झोपलीय.”

“वहिनीचा फोन का लागंना?”

“लाइट न्हाय सकाळपास्नं. चार्जिंग गेलं.”

“भाकरी कुणी केली?”

मला अण्णाचा श्वास ऐकू येत होता.

“का रं?”

“वहिनीच्या हातची न्हाय.”

“शेजारच्या काकूंनी दिली. खा की गप. किती इच्यारतोस.”

शेजारच्या काकूंनी! आमच्या गावात मरणाची बातमी फोनवर कुणी देत नाही. लांबच्या माणसानं वाटेत काही करून घेऊ नये म्हणून ‘जरा नरम हाय’ म्हणतात, ‘झोपलीय’ म्हणतात. माझ्या चुलत्यांना आम्हीच दोन दिवस ‘झोपवून’ ठेवलं होतं, त्यांचा मुलगा सुरतेहून येईपर्यंत. फोनवर मीच खोटं बोललो होतो. लई छान बोललो होतो. आता तेच माझ्यापुढं वाढलं होतं.

पाचवा दिवस, आणि सहावा

पाचव्या दिवशीही पिठलं, आणि भाकरी तिसऱ्याच हाताची, कडा फाटलेल्या. म्हणजे घर बदललं. म्हणजे आळीपाळी चालू झाली.

“अण्णा, आईच्या तोंडाला फोन लाव.”

“ती काय बोलनार हाय का, बाळू?”

“हुंकार तरी देईल की! दे म्हन!”

खडखड झाली. मग एक बारीकसा “हं” आला. तो आईचा होता की अण्णानं स्वतः काढला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तो “हं” मनात हजारदा वाजवून पाहिला. कधी आईचा वाटायचा, कधी अण्णाचा, कधी कुठल्याच माणसाचा नाही.

जेवण जाईना, आणि टाकवेना. आईच्या नावचा कडू घास असेल तर तो टाकू कसा? आणि आई जिवंत असेल तर तो खाऊ कसा? मी भाकरी समोर ठेवून बसायचो, मुंग्या यायच्या, मी मुंग्यांकडं बघायचो. बशीरभाई पलीकडून काहीबाही सांगत राहायचे, मस्कतच्या शेखच्या झग्याची मापं, त्यांच्या अब्बांचा तापटपणा. मी हं म्हणायचो. गॅलरीतून सोयाबीनची हिरवीगार रानं दिसत. त्यापलीकडं सरकारी दवाखान्याची पाण्याची टाकी. इतकं हिरवं रान मी मस्कतला आठ वर्षं स्वप्नात पाहिलं होतं, आणि आता माझं त्याकडं लक्षच नव्हतं.

सहाव्या दिवशी मी दत्तूची वाट बघत कठड्याला चिकटून उभा होतो. गाडी आली. त्यानं गठुडं ठेवलं.

“दत्तू! घरी समदं ठीक हाय का रं?”

त्यानं वर बघितलं. नजर खाली केली. आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“मला काय म्हाईत? म्या दूध घालतो,” म्हणाला आणि गाडीत चढून असा पळाला की कॅन रस्त्यावर नाचत गेले.

टोपी काढली. आता आणखी कुणी काय सांगायचं राहिलं होतं? मी पाय कठड्यावर टाकला.

खाली

हवालदारांच्या ओरडण्यापाशी आपण आलो. त्यांचं मी ऐकलं नाही. गॅलरीशेजारून खाली जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाला मी मिठी मारली. पुढचं मी गावात तीन प्रकारांनी सांगतो. एका प्रकारात मी पाइपासकट हळूहळू झुकत जमिनीवर उतरतो, क्रेनसारखा. खरं म्हणजे पाइपाची पट्टी सुटली, मी अर्ध्यातून सटकलो आणि जास्वंदीच्या कुंपणात बसलो. पायजमा मागून फाटला. एका हातात जास्वंदीचं फूल आलं ते फाटकापर्यंत तसंच होतं.

फाटकात हवालदार काठी आडवी धरून उभे. मी एक पाऊल पुढं टाकलं, त्यांनी एक मागं घेतलं. फवारणीवाला पंप टाकून पळाला. नावं लिहिणारा माणूस हॉलमधून आमच्याकडं बघत नवरीच्या खुर्चीमागं गेला. मला कुणी धरणार नव्हतं, कारण मला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी त्या दिवशी जिल्ह्यातला सगळ्यात मोकळा माणूस होतो आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“माझी आई गेलीय,” मी म्हणालो. “मला जाऊ द्या. तोंड बघू द्या.”

“कळवलं कुणी?”

“कुणी न्हाय. भाकरी बदललीय.”

पोटबुडे नावाचे ते हवालदार मोठ्या अंगाचे, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचे असते तर मला वेड्यांच्या दवाखान्यात पाठवलं असतं. ते काठी खाली टेकून म्हणाले, “पिठलं-भाकरी?”

“व्हय.”

“किती घरची?”

“दोन दिस. दोन हात.”

त्यांनी तोंडावरचा रुमाल वर घेतला, नुसताच. मग म्हणाले, “बसा तिथंच. जाग्यावरनं हलायचं न्हाय. तुमच्या गावच्या पोलीस पाटलाला लावतो.”

त्यांनी एक बादली आमच्यामध्ये पालथी घातली, फोन तिच्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि मागं सरले. मी इकडं, ते तिकडं, मध्ये बादलीवर फोन वाजतोय. वर दोन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी जास्वंदीच्या पाकळ्या तोडत होतो, आणि मनात एकच, पाटलानं उचलू नये. नाही उचलला तर आई अजून आहे.

त्यांनी उचलला.

“पाटील, मी धाराशिवहून बोलतोय. तुमच्या गावात ते मस्कतवाल्याचं घर. त्याची आई…”

“म्हातारी?” पाटील म्हणाले. “म्हातारीला काय झालंय? सकाळीच बघून आलो खिडकीतनं. उशीला टेकून बसवलीय, पेज पाजत हुता थोरला.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. “आई हाय! आई हाय!” असंच काहीतरी. वरून बशीरभाई “अल्हम्दुलिल्ला!” म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या. मी फाटक्या पायजम्यात तिथल्या तिथं उड्या मारल्या, हे मात्र जसं झालं तसं सांगतोय.

पाटील फोनवर बोलतच होते. हवालदारांनी मला हातानं गप्प बसवलं.

“…सून नेली की तीन दिस झालं ॲम्बुलन्समधनं. पॉझिटिव्ह निघाली. ऑक्सिजन लावलाय म्हनत्यात, लई तरास हाय. घराला पत्रा मारलाय आमी. पोरं आजोळी हाईत. शेजारी दारात ताट ठेवत्यात, त्यातलंच दूधगाडीवर देत्यात ह्या मस्कतवाल्याला. त्येला सांगू नगा बरं का. तिनंच सांगितलंय, ॲम्बुलन्समध्ये बसताना.”

माझी शेवटची उडी पूर्ण झाली नसावी. हवालदार माझ्याकडं बघत होते. मी फूल टाकून दिलं.

टाकीकडं

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत फवारून जिन्यानं वर पाठवलं. पुन्हा पहिल्यापासून सात दिवस मोजायचे की काय अशी चर्चा झाली, पण मी खाली कुणाला शिवलोच नव्हतो. कुणी शिवूच दिलं नव्हतं.

आता भीतीनं घर बदललं होतं. ज्या पाण्याच्या टाकीकडं मी सहा दिवस रिकाम्या डोळ्यांनी बघत होतो, तिच्या खालच्या दवाखान्यातच वहिनी होती. मधे फक्त सोयाबीनचं रान. क्रेनच्या खुर्चीतून मी तिची खिडकीसुद्धा बघितली असती. इथून नुसती टाकी दिसायची, आणि येणारी-जाणारी ॲम्बुलन्स. येणाऱ्या ॲम्बुलन्सची मला भीती वाटायची नाही. दवाखान्यातून हळू, आवाज न करता बाहेर निघायची तिची वाटायची.

अण्णाचा फोन वाजला की मी तो वाजू द्यायचो. थांबला की मीच उलटा लावायचो, म्हणजे वाईट बातमी मी मागितल्यासारखी होईल, अंगावर येणार नाही. असली येड्याची गणितं. अण्णा एकदाच फोनवर रडला.

“पाच दिस अंगावर काढलं तिनं, बाळू. आईची उठबस, पोरं, तुझा डबा. म्या म्हनलं चुलीचा धूर आसंल.”

तो धूर मलाही ऐकू आला होता.

बशीरभाईंची आणि माझी तपासणी एकाच दिवशी झाली, दोघंही कोरे निघालो. ते जाताना म्हणाले, “बाळूभाई, वहिनीसाठी दुआ करतो.” आणि अत्तराची कुपी भिंतीवर ठेवून गेले.

तेर

आठव्या दिवशी दत्तूच्या गाडीतून, कॅनच्या मधे उकिडवा बसून, तेरणा नदीवरचा पूल ओलांडला. दत्तू म्हणाला, “माफ कर रं. तुझ्या भावानं शपथ घातली हुती.” मी विचारलं, टोपी का काढलीस? म्हणाला, “घाम आला हुता.” गावात दारं लोटली गेली. मस्कतवाल्यानं रोग आणला, असं बोललं जात होतं. वहिनी आजारी पडली तेव्हा मी तेरची वेससुद्धा पाहिली नव्हती, पण ते कुणाला सांगणार?

अण्णा आणि आई तपासणीत कोरे निघाले, म्हणून दाराचा पत्रा आदल्याच दिवशी निघाला होता. उंबऱ्याबाहेरूनच आईला पाहिलं. तिनं डावा हात उचलला. मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. अण्णा आतून म्हणाला, “ये की आत.” मला उठायला वेळ लागला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघा भावांनी चूल चालवली. माझी पहिली भाकरी ओमानच्या नकाशासारखी झाली, डोंगरांसकट. आई ती खाताना डाव्या हातानं डोळे पुसत होती, हसून की कशानं ते कळलं नाही.

मग वहिनी आली. ॲम्बुलन्सनं नाही, पायी, दवाखान्याच्या पिशवीसह, गावच्या फाट्यापासून अण्णाच्या खांद्याला धरून. निम्मी झाली होती. पोरं आजोळाहून आली, ती आधी लांबच उभी राहिली. तिला वास येत नव्हता, कशाचाच. चार पावलं चालली की थांबायची. तरी तिसऱ्या दिवशी चुलीपुढं येऊन बसली आणि लसूण सोलायला लागली. अण्णा उठ म्हणाला, उठली नाही.

त्या दिवशी आळीतली माणसं दारात जमली होती, आणि मी सुटलो. पाइप सांगितला, तीन मजले सांगितले, हवालदार बेशुद्ध पडले सांगितलं, जास्वंदीचं फूल सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. आईसुद्धा. मग मी वहिनीकडं वळलो.

“पन खरं सांगतो वहिनी, एका घासात वळखलं म्या! भाकरी तुमच्या हातची न्हाय. तिथंच रडाय बसलो. म्हनलं, गेली माझी आई.”

वहिनी लसूण सोलत होती. पाकळी फडक्यावर ठेवली, दुसरी घेतली.

“अन् मला काय झालं आसंल, आसं न्हाय आलं मनात?”

मी हसलो. लोकही हसले.

“तुमाला काय हुतंय, वहिनी!”

“समद्यास्नी तसंच वाटलं,” ती म्हणाली.